आधी चिखल दाखव, मग पक्षी

चि. बाळा,
अनेक आशीर्वाद.

नववीच्या मुलांना घेऊन निफाडजवळच्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्यात जायचं ठरवलंयस आणि मुख्याध्यापकांनी होकारही दिलाय, हे वाचून फार बरं वाटलं. तुझ्या पत्रात प्रश्न एकच आहे : मुलांना तिथे किती पक्षी दिसतील? भरपूर दिसतील. डिसेंबर-जानेवारीत सकाळी लवकर पोहोचलात तर मनोऱ्यावर उभं राहून जाणता माणूस बघता बघता वहीचं पान भरून नावं सांगेल. पण त्या यादीभोवती सहल उभी करू नकोस, एवढं सांगण्यासाठीच हे लांबलचक पत्र लिहिते आहे. यादीच्या घाईत मुलं दुर्बिणीला डोळा लावतात, नाव ऐकतात, लिहून घेतात आणि पुढच्या पक्ष्याकडे वळतात. संध्याकाळी वह्या भरलेल्या असतात, पण एवढे पक्षी नेमके इथेच का उतरले, असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. त्याचं उत्तर पाण्याच्या तळाशी आहे. म्हणून मुलांना आधी चिखल दाखव.

ही जागा तयार कशी झाली, ते निघण्यापूर्वी वर्गात सांग. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात, तिथे ब्रिटिश काळात, शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, दगडी बंधारा घातला गेला. हेतू सरळ शेतीचा होता. नदीचं पाणी अडवायचं आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी कोपरगाव-राहात्याकडच्या कोरड्या जमिनीला द्यायचं. पण पाणी थबकलं की त्यातला गाळ खाली बसतो. दर पावसाळ्यात वरच्या शेतांतली माती वाहत आली आणि बंधाऱ्यामागे साचत गेली. त्यातून उथळ पाणी झालं, मधे मधे बेटं वर आली, त्यांच्यावर पाणकणीस माजलं. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात हा गाळ म्हणजे घटलेला साठा. पाणपक्ष्यांसाठी तेच वाढलेलं ताट. खोल पाण्याच्या, उभ्या काठाच्या जलाशयात लांब पायांच्या शेकाट्याला पाय टेकायला जागा नसते आणि चिखल्याला चोच मारायला काठ नसतो. इथे दोन्ही मिळालं. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झालं. जानेवारी २०२० मध्ये बातमी आली की रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली ही पहिली पाणथळ जागा. त्यानंतर लोणार आणि ठाण्याची खाडी यांचाही त्या यादीत समावेश झाला. रामसर हे इराणमधलं गाव, १९७१ मध्ये तिथे पाणथळींसाठीचा आंतरराष्ट्रीय करार झाला, एवढं सांगितलंस तरी मुलांना पुरे.

या जागेला ‘महाराष्ट्राचं भरतपूर’ म्हणतात, हे मुलं कुठून तरी ऐकून येतीलच. तेव्हा त्यांना हेही सांग, की भरतपूरची पाणथळसुद्धा माणसाने बांध घालून, पाणी वळवून घडवलेली आहे, आणि तीही संस्थानिकांच्या बदकांच्या शिकारीसाठी. निसर्ग म्हणजे माणसाचा हात न लागलेली जागा, अशी एक समजूत पाठ्यपुस्तकांतून मुलांच्या मनात बसलेली असते. ती इथे मोडते आणि मोडायलाच हवी. आपण जे बांधतो त्यातून काय काय उगवेल हे आपल्याला आधी ठाऊक नसतं, हे चौदा वर्षांच्या मुलाला कळलं तर त्याच्या पुढच्या शिक्षणाला त्याचा फार उपयोग आहे.

आता तारखेबद्दल. तू रविवार बघून तारीख पक्की केलीस, पण पाटबंधारे खात्याकडे किंवा वनखात्याच्या तिथल्या माणसांकडे एक चौकशी कर : आवर्तन, म्हणजे शेतीसाठी ठरावीक दिवसांनी सोडायचं पाणी, कधी सुटणार आहे? वरच्या गंगापूर, दारणा वगैरे धरणांतून पाणी सोडलं की ते नदीने या बंधाऱ्यात येतं आणि इथून कालव्यांत जातं. त्या दिवसांत पाण्याची पातळी हलते. पाणी चढलं की काठचा चिखल बुडतो, मग तुतवार, चिखल्या, पाणलावे दिसेनासे होतात आणि बदकं पसरतात. पाणी उतरलं की ओला चिखल उघडा पडतो आणि लांब चोचींची सगळी मंडळी तिथे जमते. म्हणजे मुलांना त्या दिवशी काय दिसेल, हे बरंचसं कोपरगावच्या उसाला पाणी कधी हवं आहे यावर ठरतं. हे वाक्य वर्गात असंच सांग आणि फळ्यावर नकाशा काढ. त्र्यंबकेश्वर-इगतपुरीकडचा पाऊस, धरणं, तुमचं नाशिक शहर, मग बंधारा, मग कालवे. मुलांनी त्यावर आपलं घर कुठे येतं ते दाखवावं.

सहलीच्या आठवडाभर आधी एक काम नक्की कर, सहल रद्द झाली तरी हे काम रद्द करू नकोस. शाळेजवळ एखादं तळं, शेततळं किंवा कालव्याची चारी असेल, तिथला काठचा चिखल बादलीभर आण. पांढरा उथळ ट्रे, जुनी पिठाची चाळणी, दोन-तीन भिंगं. रबरी मोजे घालायचे आणि नंतर साबणाने हात धुवायचे, यात सूट नाही. चिखल थोडा थोडा पाण्यात सोडून चाळला की गोगलगाई निघतात, चतुराच्या अळ्या निघतात, आणि नशीब असेल तर डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या लालभडक अळ्या निघतात. त्या लाल का? आपल्या रक्तात असतं तसलं हिमोग्लोबिन त्यांच्या अंगात असतं. प्राणवायू जेमतेम असलेल्या चिखलात त्याच्या जोरावर त्या तग धरतात. नववीच्या विज्ञानात हिमोग्लोबिन पाठ केलेलं पोरगं ट्रेमध्ये ते वळवळताना बघतं, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. सगळं बघून झालं की चिखल जिथून आणला तिथेच परत टाकायचा, आणि तो मुलांनीच टाकायचा. अभयारण्यात मात्र यातलं काहीही करायचं नाही. तिथे पाण्यात उतरायचं नाही, शिंपला, पीस, अंडं काही उचलायचं नाही.

एवढी तयारी झाली की प्रत्यक्ष जागेवर तुला फार बोलावं लागणार नाही. मुलांचे आठ-दहाचे गट कर. प्रत्येक गटाने एकच पक्षी निवडायचा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं फक्त त्याच्याकडे बघायचं. नाव माहीत नसेल तरी चालेल, उलट सुरुवातीला नाव सांगूच नकोस. नाव कळलं की मुलांना वाटतं, काम संपलं. वहीत लिहायचं ते असं : कुठे उभा आहे, पाणी पायाच्या कुठवर येतंय, चोच कशी चालवतो, किती वेळाने काही गिळतो, शेजारी कोण आहे, शेजाऱ्याला हाकलतो का. दहा मिनिटं नववीच्या मुलांना फार लांब वाटतात. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला चुळबुळ सुरू होईल. तू स्वतः वही काढून लिहीत बस, तोंडाने दटावू नकोस. सहाव्या मिनिटानंतर बऱ्याच जणांना दिसायला लागतं.

काय दिसतं ते तुला थोडं सांगून ठेवते, म्हणजे कुठल्या गटाला कुठे उभं करायचं ते ठरवता येईल. चमचा नावाचा पांढरा पक्षी पाण्यात चोच अर्धवट उघडी धरून डोकं डावीकडून उजवीकडे झाडू मारल्यासारखं फिरवतो. चित्रबलाकाचं बघणं कमी आणि चाचपणं जास्त. गढूळ पाण्यात चोच उघडी धरून तो उभा राहतो आणि मासा स्पर्शाने कळला की चोच मिटते. उघड्या चोचीचा बलाक दिसला तर दुर्बिणीतून त्याच्या चोचीतली फट बघायला सांग. गोगलगाय खाण्यात तो पटाईत, आणि आठवड्यापूर्वी ट्रेमध्ये पाहिलेली गोगलगाय मुलांना लगेच आठवेल. थापट्या बदकाची चोच फावड्यासारखी रुंद, कडेला बारीक दातऱ्यांची झालर. पाणी आत घ्यायचं, गाळायचं, अन्नाचे कण ठेवायचे. पाणलावा लांब चोच चिखलात मुळापर्यंत खुपसतो. चोचीचं टोक इतकं संवेदनशील, की न बघता आतला किडा कळतो. त्याच्याच शेजारी आखूड चोचीचा चिखल्या चार पावलं पळतो, थांबतो, बघतो, टिपतो. तो वरवरचं खातो, पाणलावा खोलवरचं. एकाच हातभर चिखलात दोघांची भांडणं का होत नाहीत, हे मुलांना स्वतःला सुचू दे. सुचायला उशीर लागला तरी तू सांगू नकोस. बसमध्ये परत येताना कुणीतरी म्हणेलच.

वारकरी खूप असतील, काळे, कपाळावर पांढरा टिळा असलेले. मुलं त्यांना दोन मिनिटांत कंटाळतात. तेव्हा एखादा वारकरी काठावर चढला की त्याची बोटं दाखव. प्रत्येक बोटाला पाकळ्यांसारखे रुंद पापुद्रे असतात, बदकासारखा अखंड पडदा नसतो. जांभळी पाणकोंबडी एका पायाने पाणवनस्पतीचा देठ धरून सोलून खाते, हे पाहताना मुली-मुलं हमखास हसतात. कमळपक्षी दिसला तर गोंधळ होईल, कारण पुस्तकातल्या चित्रात त्याची लांब शेपटी असते आणि हिवाळ्यात ती नसते. याच पक्ष्यात अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे असतं, मादी पुढच्या घरट्याकडे जाते. वर्गात यावर चर्चा होईल, ती होऊ दे. आणि तुझ्या मराठीच्या बाईंना सोबत नेता आलं तर ने. चक्रवाकाच्या जोड्या तिथे समोर दिसतात. कवितेत विरहासाठी ज्याला शतकानुशतकं वापरलं, तो नारिंगी-तपकिरी पक्षी हिमालयापलीकडच्या थंड, उंच प्रदेशातून दर हिवाळ्यात इथे येतो, हे भाषेच्या शिक्षिकेने दाखवलं तर त्याचा परिणाम वेगळाच होतो.

गोंगाटाबद्दल दम देऊन उपयोग होत नाही, कारण समजावून सांग. तलवार बदकं, थापटे, पट्टकादंब हे हिवाळाभर खातात ते परतीच्या प्रवासासाठी. अंगावर चढवलेली चरबी हे त्यांचं इंधन. दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यालगत उडत आला, की वारकरी एकमेकांना चिकटून दाट घोळका करतात आणि बदकं भर्रकन उठतात. हे एकदा तरी दिसेलच. ते दिसलं की हळूच सांग, आपण ओरडलो तरी ती अशीच उठतात, आणि भोवत्या निघून गेल्यावर बसतात तशी पटकन परत बसत नाहीत, कारण आपण तिथेच उभे असतो. हे कळलेलं मूल दुसऱ्याला गप्प करतं. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला जवळ बोलावणं, ही तर सक्त बंद करायची गोष्ट. सोबतच्या शिक्षकांनाही हे आधीच सांग, कारण मोठ्यांनाच तो मोह जास्त होतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पक्षी पाहून झाल्यावर बस लगेच वळवू नकोस. चापडगावला किंवा खाणगाव थडीला गावातल्या दोन-तीन माणसांशी मुलांची भेट ठरव. एक मासेमारी करणारं कुणी, एक शेतकरी, आणि वनखात्याबरोबर वाटाड्याचं काम करणारा गावातला मुलगा. वाटाड्याला ठरलेले पैसे मुलांच्या देखत दे आणि त्याला ‘सर’ म्हणायला लाव. शेतकऱ्याला गाळाबद्दल विचारायला सांग. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीला महापूर आला तेव्हा वरच्या अंगाला असलेल्या चांदोरी-सायखेड्यात पाणी घराघरांत शिरलं होतं. बंधाऱ्यात गाळ साचल्यामुळे पुराच्या पाण्याचा फुगवटा मागे चढतो, गाळ काढा, ही त्या भागातल्या लोकांची मागणी आहे. सकाळी ज्या चिखलाला मुलांनी डोळे भरून पाहिलं, तोच चिखल दुपारी कुणाच्या तरी घरातलं धान्य भिजण्याचं कारण म्हणून समोर येतो. मुलं तुला विचारतील, मग बाई, गाळ काढायचा की ठेवायचा? तू उत्तर देऊ नकोस, आणि ‘दोन्ही बाजू बरोबर आहेत’ असं म्हणून विषय मिटवूही नकोस. आणखी प्रश्न विचारायला लाव. सगळा काढायचा की काही भागातला? कुठल्या महिन्यात? काढलेला गाळ कुणाच्या शेतात जाईल? बेटांवर कोण घरटी करतं आणि कधी? अशा प्रश्नांपर्यंत एखादा गट पोहोचला तर तुझी सहल माझ्या हिशेबाने सुफळ झाली, भले त्या दिवशी धुकं पडून अर्धे पक्षी दिसले नसोत.

आणि जलपर्णी. काठाला, कालव्याच्या तोंडाशी हिरवागार थर दिसेल, त्यावर जांभळी फुलंही असतील. मुलं फोटो काढतील. काढू दे. मग फळ्यावरचा नकाशा आठवायला सांग : नाशिक शहर वर, बंधारा खाली. शहराचं सांडपाणी, काही शुद्ध होऊन, काही तसंच, नदीत येतं. त्यातलं नत्र आणि स्फुरद, शिवाय शेतांतून धुपून आलेल्या खतांतलं, हे जलपर्णीचं खाद्य. थर दाट झाला की खाली ऊन जात नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे आणि तळातले किडे कमी होतात. मासेमारी करणाऱ्या माणसाला विचारलंस तर तो जाळं टाकायला जागा उरत नाही हे आधी सांगेल. तुझी मुलं नाशिकची आहेत. भांडी घासलेलं, कपडे धुतलेलं त्यांच्या घरचं पाणी या ठिकाणावरून जातं, हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं. त्यांना अपराधी वाटेल असं बोलू नकोस, फक्त नकाशावर बोट ठेव.

बाकी व्यवस्थेचं थोडक्यात. निफाडची थंडी तुला माहीत आहे. स्वेटर-कानटोपी हवीच, पण मातकट, करड्या, हिरवट रंगाची. लाल आणि पांढरं नको. उजाडता पोहोचायचं तर नाशिकहून अंधारातच निघावं लागेल, हे पालकांना स्पष्ट कळव. वनखात्याला मुलांची संख्या आधी कळवून प्रवेशाचं ठरव. दुर्बिणी तिथे भाड्याने मिळाल्या तर उत्तम, पण त्यावर विसंबू नकोस. डबा घरचा पोळी-भाजीचा. वेफर्सची पाकिटं नकोत, ती वाऱ्याने थेट पाण्यात जातात.

स्वच्छतागृहाची सोय मात्र तू स्वतः आदल्या आठवड्यात जाऊन बघून ये. गावातल्या शाळेशी बोल, पाणी आहे का, कडी लागते का, ते बघ. सोय नसेल या भीतीने मुली सकाळपासून पाणीच पीत नाहीत, मग दुपारी डोकं धरून बसतात, आणि आपण म्हणतो की मुलींना पक्ष्यांत रस नाही. सहलीच्या नियोजनात ही गोष्ट शेवटी येते, ती पहिली यायला हवी. ज्या मुलीची पाळी चालू असेल तिने सहल टाळू नये, म्हणून लागणारं सामान तुझ्या पिशवीत असू दे आणि ते आहे, हे मुलींना आधीच सांगून ठेव.

परत आल्यावर निबंध लिहायला लावू नकोस. ‘माझी अविस्मरणीय सहल’ हे शीर्षक दिलंस की सगळं सुंदर, रम्य, मनोहर होऊन जातं आणि दहा मिनिटांत पाहिलेलं एकही खरं वाक्य उरत नाही. वह्यांमधली पानंच भिंतीवर लाव, खाडाखोडीसकट. एकाच पक्ष्याबद्दल दोन गटांनी वेगळं लिहिलं असेल तर ती पानं शेजारी शेजारी लाव. ज्यांना गोडी लागली असेल अशी तीन-चार मुलं निघतील, जास्त नाही. त्यांच्यासाठी जानेवारीतली पाणपक्षी गणना आहे. आशियात अनेक देशांत ती एकाच सुमाराला होते. स्थानिक पक्षिमित्रांना आणि वनखात्याला विचार, मुलांना मोजणाऱ्यांच्या हाताखाली उभं राहू देतात का. पक्षी मोजणं तिथे शिकू दे, तिथे त्या आकड्याला अर्थ आहे. दोन वर्षांनी त्याच जागी, त्याच महिन्यात मोजलं की काय बदललं ते कळतं.

माझ्याकडच्या दोन दुर्बिणी घेऊन जा. काळ्या दुर्बिणीचं मधलं चाक घट्ट फिरतं, ती थोड्या मोठ्या हाताच्या मुलाकडे दे. दुसरी हलकी आहे. चाळण्या आणि ट्रेही इथेच माळ्यावर आहेत. पुढच्या शनिवारी दुपारनंतर ये, म्हणजे नकाशा आपण दोघी मिळून मोठ्या कागदावर काढू. पाटबंधाऱ्याचं आवर्तन कळलं की तारीख लगेच कळव.

तुझ्या
बाई